घर सुटलंय? आधी छप्पर, मग कागद, मग काम

खेड्यात बेघर पोरगं डोळ्यांना दिसत नाही. शहरात ते फुटपाथवर असतं. आपल्याकडे ते काकाच्या कोठ्यात ढोरांशेजारी झोपतं, समाजमंदिराच्या ओट्यावर झोपतं, नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडवर. कुणी चौकशी केली तर गाव सांगतं, "राहते कोनाकडं तरी."

मीही असाच 'कोनाकडं तरी' राहिलेला. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. दोन पावसाळे काकाच्या कोठ्यात काढले. मग शाळेतल्या एका बाईंनी फोन केला आणि मी बालगृहात गेलो. अठरा पूर्ण झाले त्या आठवड्यात पत्र्याची पेटी घेऊन बाहेर पडलो. आज तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. रब्बीत व्होल्टेज पडलं की पाणबुडी मोटारी जळतात, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते. दरवर्षी दोन-चार पोरं-पोरी कुणाच्या तरी सांगण्यावरून माझ्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहितोय, म्हणून 'तू' म्हणतोय. राग मानू नको.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो. तुला भेटणारा प्रत्येक जण म्हणेल, "आधी कामाला लाग, बाकी होते मग." हे ऐकू नको. काम पहिलं धरलं की झोपायची जागाही मालकाचीच होते. मग मालकानं शिवी दिली, पैसे अडकवले, अंगावर हात टाकला, तरी तू सोडून जाऊ शकत नाहीस, कारण त्या रात्री झोपशील कुठं? पोटाची आणि डोक्यावरच्या छपराची दोरी एकाच माणसाच्या हातात कधी देऊ नको.

१. आजची रात्र

तुझं वय अठराच्या आत असेल तर १०९८ लाव. फोन फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात. स्वतःचा मोबाइल नसेल तर स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला, मेडिकलवाल्याला, अंगणवाडीच्या ताईंना लावायला सांग. फोनवर तीन गोष्टी नीट सांग: आत्ता कुठं आहेस (गाव, तालुका, जवळची खूण), वय किती, आणि आत्ता कुणाची भीती आहे का. बाकीची कहाणी नंतर सांगता येते. मारहाण चालू असेल, कुणी मागे लागलं असेल, तर सरळ ११२. रेल्वे स्टेशनवर असशील, म्हणजे बडनेरा, वर्धा, अकोला, बल्लारशाह असं कुठंही, तर खाकीतला आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) माणूस शोध किंवा १३९ लाव.

पोलिसांची भीती वाटते, मला माहीत आहे. मला बालगृहात न्यायला गाडी आली तेव्हा मी तुरीच्या शेतात लपलो होतो. पण कायदा तुझ्या बाजूनं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुला बालकल्याण समितीसमोर उभं करावंच लागतं.

मुलगी असशील आणि अठराच्या वर असशील, तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, जेवण, डॉक्टर, पोलीस, वकील तिथंच मिळतो. पाच दिवस थोडे वाटतात, पण पुढच्या महिला वसतिगृहाची व्यवस्था तिथूनच लागते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जिल्ह्यापर्यंतचं भाडं जुळवणं तेवढं अवघड नाही.

लग्न लावून देताहेत म्हणून घर सोडलं असेल, आणि वय अठराच्या आत असेल, तर तुझ्या गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक. तो वऱ्हाडाच्या पंगतीतला असेल तर १०९८ वर सांग.

आता अठराच्या वरच्या मुलांचं. खोटी आशा दाखवत नाही: तालुक्याच्या गावात तुझ्यासाठी सरकारी निवारा नाही. नागपूरसारख्या शहरात महापालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत. इकडे खेड्यात रात्र काढायची तर स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीसमोर बस, जिथं दिवा आणि माणसं असतात. गावाबाहेरचं रिकामं देऊळ, बंद पडलेलं जिनिंग, धाब्याची मागची बाजू टाळ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या एखाद्या गुरुजींकडे जा. लाज वाटेल, तरी जा. गाडगेबाबांची दशसूत्री आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर लिहिलेली असते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आणि त्यात बेघरांना आसराही आहे. शेंडगावचा हा माणूस ते आपल्याच लोकांना सांगून गेलाय. ते मनावर घेणारा एखादा प्रत्येक गावात निघतोच.

*इथला सापळा:* स्टँडवर दोन-तीन तास एकटा बसलास की कुणीतरी चहा घेऊन येतो. "काम देतो, राहायचं-खायचं माह्याकडं." बोअरवेलची गाडी, वीटभट्टी, धाबा, हैदराबाद, सुरत. सगळेच वाईट नसतात. पण चांगला माणूस उद्या सकाळपर्यंत थांबायला तयार असतो. "आत्ताच गाडीत बस" म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नको.

२. बालकल्याण समितीसमोर

प्रत्येक जिल्ह्यात ही समिती असते: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात निदान एक बाई. कोर्टासारखे अधिकार असले तरी तिथं काळा कोट घालून कुणी दरडावत नाही. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यासमोर नेलं तरी चालतं.

इथं एकच पथ्य पाळ. नाव, गाव आणि वय खरं सांग. माझ्यासोबत बालगृहात एक पोरगा होता. गावी परत पाठवतील या भीतीनं त्यानं पहिल्या दिवशी नाव बदलून सांगितलं आणि वय दोन वर्षं कमी. ते नाव फाइलीत गेलं, फाइलीवरून शाळेत गेलं, शाळेतून आधारवर. पुढे गावातली त्याच्या आईची मृत्यूची नोंद आणि त्याचे कागद यांचा मेळच लागेना. त्याला आपल्याच आईचा मुलगा आहे हे सिद्ध करायला तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. घरी जायचं नसेल तर "घरी पाठवू नका, तिथं असं-असं होते" हे स्पष्ट सांग. तुझं म्हणणं ऐकून घेणं त्यांचं काम आहे.

आजी, मावशी, मोठा चुलतभाऊ, कुणी सांभाळायला मनापासून तयार असेल पण पैशाची अडचण असेल, तर समितीसमोर बाल संगोपन योजनेचं नाव काढ. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मोलमजुरी करणाऱ्या आजीसाठी ही रक्कम लहान नाही. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असेल तरीही अर्ज करता येतो. हे न कळल्यामुळे कितीतरी पोरं आजीपासून तुटून संस्थेत गेलीत.

३. कागद

हा भाग दोनदा वाच.

मी बालगृहातून निघालो तेव्हा जुलै होता. स्टँडच्या छपराला भोक होतं, पेटीला गंज लागलेला. रात्रभर पाणी आत झिरपलं. सकाळी उघडून पाहिलं तर शाळेच्या टीसीवरचा निळा शिक्का सगळ्या कागदावर पसरला होता आणि जन्मतारखेतला इंग्रजी 3 आता 8 सारखा दिसत होता. दुसरी टीसी काढायला शाळेनं चार चकरा मारायला लावल्या. तिथं मला सांगितलं, "वडिलांना घेऊन ये." तीन महिने त्यात गेले आणि त्या वर्षीचा आयटीआयचा प्रवेश हुकला. म्हणून पहिलं काम: दहा रुपयांची प्लास्टिकची झिपवाली फाइल घे. दुसरं काम: प्रत्येक कागदाचा फोटो काढून विश्वासाच्या दोन माणसांच्या मोबाइलवर ठेव.

लागणारे कागद, आणि ते निघतात कुठून:

- टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख आणि जात यावरूनच पुढं सरकते. हरवली तर प्रतिज्ञापत्र देऊन शाळेतून दुय्यम प्रत निघते. वडिलांची सही मागितली तर समितीच्या आदेशाची झेरॉक्स दाखव.
- जन्माचा दाखला. जन्म झाला त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखाना ज्या नगरपालिकेत येतो तिथं. नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वेळखाऊ आहे, लवकर सुरू कर.
- आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले. ग्रामपंचायतीतून दोन-दोन प्रती घेऊन ठेव.
- आधार. बालगृहात असशील तर अधीक्षकांच्या ठरलेल्या नमुन्यातल्या पत्रावर निघतं. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे परत द्यावे लागतात, ते राहिलं की ऐन बँकेत अंगठा लागत नाही. अठरानंतर पहिल्यांदा आधार काढायचं तर अर्ज राज्य सरकारच्या पडताळणीत जातो, आणि ज्याचा पत्ताच नाही त्याची पडताळणी किती लांबते ते सांगायला नको. म्हणून अठराच्या आत काढ.
- रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला. तहसीलच्या सेतूतून किंवा आपले सरकार केंद्रातून.
- जातीचा दाखला. उपविभागीय अधिकारी देतात. अनुसूचित जाती-जमातीसाठी १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ च्या आधीचा आणि ओबीसीसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुना फेरफार, काहीही चालतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचार, आजोबा कोणत्या शाळेत गेले होते ते त्यांनाच माहीत असतं.
- बँक खातं. शून्य शिल्लकेचं जनधन. खातं तुझ्या एकट्याच्या नावावर असू दे, मालकाच्या किंवा काकाच्या मोबाइल नंबरशी जोडलेलं नको.
- मतदार ओळखपत्र. अठरानंतर. घर नसलं तरी नाव लागतं. तू जिथं झोपतोस तिथं बीएलओनं (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या माणसानं) रात्री येऊन खात्री करायची, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे.

आई-वडील दोघंही गेले असतील तर अनाथ प्रमाणपत्र काढल्याशिवाय राहू नको. अमृता करवंदे या मुलीनं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांना शिक्षण आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण मिळालं. त्याचा फायदा या कागदाशिवाय मिळत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात, आपल्यासाठी अमरावती किंवा नागपूर. संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही ते मिळतं. हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

४. सतरा पूर्ण झाले की

अठराव्या वाढदिवसाला सरकारच्या दृष्टीनं तू एका रात्रीत मोठा होतोस. कालपर्यंत तुझ्यामागे समिती, अधीक्षक, समुपदेशक, स्वयंपाकाच्या मावशी असतात, आणि उद्या पेटी दारात. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर हेच सांगत आलेत, की अठरानंतर या लेकरांनी जायचं कुठं? त्यांनी दिव्यांग मुलांना अठरानंतरही आपल्याजवळच ठेवलं, स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथं वाढलेली, डोळ्यांनी न दिसणारी एक मुलगी एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली.

प्रत्येकाला शंकरबाबा भेटत नाहीत. म्हणून कायद्यात जे आहे ते मागून घे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यासाठी 'अनुरक्षण' नावाची तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली महिन्याला ४,००० रुपये, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि विशेष कारण असेल तर तेविसाव्यापर्यंत. राहण्यासाठी अनुरक्षणगृहंही आहेत. पण मागितल्याशिवाय हातात येत नाही. सतरा पूर्ण झाले की अधीक्षकांना लेखी अर्ज दे: "मला अनुरक्षणाची गरज आहे, माझा पुढचा आराखडा समितीसमोर ठेवावा." अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का (अर्ज मिळाल्याचा) घे. जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही एक प्रत दे. मी हा अर्ज केला नव्हता, कारण असं काही असतं हेच मला कुणी सांगितलं नाही.

५. जिथं शिकणं आणि झोपणं एकत्र होतं

काम आणि छप्पर एका हातात देऊ नको म्हटलं, पण शिक्षण आणि छप्पर एकत्र मिळत असेल तर दोन्ही हातांनी घे.

दहावी झाली असेल तर समाजकल्याणचं शासकीय वसतिगृह. आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकासची वसतिगृहं. त्यासाठी पांढरकवडा, पुसद, धारणी अशा प्रकल्प कार्यालयात चौकशी कर. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम आणि ओबीसीसाठी 'आधार' नावाची योजना आहे (आधार कार्डाशी तिचा संबंध नाही). खोली-जेवणाचे पैसे खात्यात येतात. नागपुरात शिकत असशील तर स्वाधारचे वर्षाला ६०,००० पर्यंत. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिले सहा महिने दुसऱ्या आधारावर काढायची तयारी ठेव.

आयटीआय मला आवडतं, माझं पोट त्यावर आहे. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. वेल्डर एक वर्ष, वायरमन दोन. अर्ज दहावीच्या निकालाच्या आसपास सुरू होतात, तारीख चुकली की वर्ष गेलं.

अठरा पूर्ण झाले असतील आणि उद्यापासूनच जागा हवी असेल, तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. बँका चालवतात, जिल्ह्याच्या ठिकाणी असते. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, मोटार रिवायंडिंग असे छोटे कोर्स, राहणं-जेवण सगळं फुकट. कोर्स दीड महिन्यापर्यंतचे असतात. तेवढे दिवस पाठ टेकायला जागा, दोन वेळचं ताट, हातात कसब आणि शेवटी प्रमाणपत्र. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी सगळ्यात आधी इथंच पाठवतो. महिनाभर नीट झोप मिळालेलं पोरगं वेगळंच बोलतं, चेहराच बदलतो. गावातल्या उमेदच्या (बचत गटांच्या) ताईंना सांगितलं तर त्या नाव पाठवतात.

६. काम

थोडक्यात सांगतो. मजुरी रोजची किंवा आठवड्याची घे, "सालाच्या शेवटी एकदम देतो" नको. उचल घेऊ नको. सालानं राहून उचल घेतली की ती फिटत नाही, आणि फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत. हे वेठबिगारीत मोडतं, १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. असा अडकला असशील तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे तक्रार कर. मूळ टीसी किंवा आधार मालकाकडे ठेवू नको, झेरॉक्स दे.

७. बापाच्या जमिनीतला तुझा हिस्सा

"तुह्या बापाचं काही नाही इथं," असं काका म्हणाला तरी सातबारा स्वतः पाहा, ऑनलाइन फुकट दिसतो. वारस म्हणून तुझं नाव चढलंय का, आणि मधल्या काळात कोणते फेरफार झाले, ते तलाठ्याकडून नकलेसह घे. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाच्या नावची जमीन पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तशी विकली असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. सामाईक कुटुंबाच्या जमिनीचे नियम वेगळे पडतात, म्हणून वकिलाला दाखव. वकील फुकट मिळतो: तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० लाव. महिला, अठराच्या आतली मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्नाची अटही नाही. काकाशी भांडायला एकटा जाऊ नको. शेतीच्या वादात कुऱ्हाडी निघतात, आणि पोराला रडणारं कुणी नसलं की लोकांची हिंमत वाढते.

८. पहिली खोली

दोघा-तिघांत मिळून घे, एकट्याला परवडत नाही आणि एकट्याची रात्र जातही नाही. शहरापेक्षा तालुक्याच्या गावी आयटीआय किंवा कॉलेजच्या आसपास बघ, तिथल्या घरमालकांना परगावच्या पोरांची सवय असते. आगाऊ रक्कम एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागितली तर दुसरी खोली शोध. लाइटचं मीटर वेगळं आहे का, पाणी उन्हाळ्यात येतं का, दाराला आतून कडी आहे का, हे रात्री जाऊन पाहा. मुलींनी कडी आणि संडासची वाट दोन्ही पाहावी.

घरमालक तीन प्रश्न विचारेल: कुठचा, कोणाचा, काय करतो. दुसऱ्या प्रश्नाला मी पहिल्यांदा अडखळलो आणि खोली गेली. पुढच्या वेळी आयटीआयमधले आमचे सर स्कूटरवर माझ्यासोबत आले. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "हा माह्या वर्गातला पोरगा. काही झालं तर मले फोन करा." दहा मिनिटांत चावी मिळाली. असा एक माणूस तुलाही लागेल. गुरुजी, अधीक्षक, नर्सबाई, दुकानदार, कुणीही. आधीच विचारून ठेव: "खोली बघायला माझ्यासोबत याल का?" बहुतेक जण येतात.

भाडं दिलं की दर महिन्याला वहीत तारीख टाकून मालकाची सही घे, आणि ती वहीही त्या झिपच्या फाइलीतच ठेव.